रोज मरे त्याला कोण रडे : सावकाश बदलाच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्रजीतून आलेला एक बेडूक गेली काही वर्षे मराठीत मुक्काम ठोकून आहे. तो अग्रलेखांत असतो, व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत असतो, आणि सकाळच्या शुभेच्छांबरोबर मोबाइलवर तर रोज हजर असतो. उकळत्या पाण्यात टाकला की तो टुणकन बाहेर उडी मारतो म्हणे. पण गार पाण्यात ठेवून खाली मंद आच लावली तर त्याला ती ऊब सुखाची वाटते, आणि पाणी उकळायला लागते तेव्हा उडी मारायचे त्राण अंगात राहिलेले नसते. इंग्रजीत याला ‘बॉइलिंग फ्रॉग’ म्हणतात. लोकशाहीचा संकोच, नवरा-बायकोतला दुरावा, वाढते वजन, तापती पृथ्वी, असे जे जे हळूहळू बिघडते आणि हाताबाहेर जाईपर्यंत ध्यानात येत नाही, त्या सगळ्यासाठी हा एकच बेडूक राबवला जातो.

ज्या विषयाच्या ओसरीवर तुम्ही येऊन बसला आहात त्याला अजून एक सर्वमान्य नाव नाही. भाषेचे अभ्यासक त्याला भाषिक परिवर्तन म्हणतात, इतिहासकार दीर्घ पल्ल्याचा इतिहास म्हणतात, पर्यावरणवाले आधाररेषेबद्दल बोलतात, मानसशास्त्रात तो संवेदनेच्या प्रकरणात भेटतो. मी साधेपणाने ‘सावकाश बदलाचा अभ्यास’ म्हणतो. त्याची ओळख बेडकापासून करून देण्याचे कारण एवढेच की बहुतेक नवे विद्यार्थी हाच बेडूक खिशात घालून येतात. आणि उदाहरणे नागपूरच्या धरमपेठेची देतो, कारण मी इथला. शिवाय लक्ष्मीभवन चौकापासून अंबाझरीपर्यंत चालत जाणाऱ्याला या विषयाचा बहुतेक अभ्यासक्रम वाटेतच सापडतो.

बेडूक खरा होता. १८६९ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रीडरिख गोल्ट्झ हे आत्म्याचे शरीरातले स्थान शोधत होते. एक मेंदू काढलेला आणि एक धडधाकट, असे दोन प्रकारचे बेडूक पाण्यात ठेवून त्यांनी ते पाणी तापवले. धडधाकट बेडूक २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच अस्वस्थ होऊन बाहेर पडायची धडपड करू लागला. मेंदू नसलेला मात्र मरेपर्यंत बसून राहिला. पुढे १८७२ मध्ये हाइन्झमान यांनी दाखवले की पाणी पुरेसे सावकाश तापवले, म्हणजे सुमारे २१ अंशांवरून ३७.५ अंशांपर्यंत न्यायला ९० मिनिटे घेतली, तर मेंदू शाबूत असलेला बेडूकही जागचा हलत नाही. (३७.५ अंश म्हणजे आमच्याकडची मार्चअखेरची दुपार. नागपूरचा बेडूक या प्रयोगाला हसला असता.) १८७५ मध्ये फ्राट्शर यांनी त्याला दुजोरा दिला. या परस्परविरोधी निष्कर्षांचा मेळ १८८० च्या दशकात विल्यम सेजविक या अमेरिकन शास्त्रज्ञाने घातला. त्यांच्या मते फरक पाणी तापवण्याच्या वेगात होता. अलीकडे ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ व्हिक्टर हचिसन यांनी स्पष्ट सांगितले की मिनिटाला दोन अंश फॅरनहाइट या बेताने पाणी तापवले तर बेडकाची चुळबुळ वाढत जाते आणि वाट मिळाली की तो निघून जातो. उकळत्या पाण्यात टाकलेल्या बेडकाची उडी तर निव्वळ कल्पना. तो तिथेच संपतो. वाक्प्रचाराची दोन्ही टोके अशी लंगडी आहेत.

म्हणून काही तो भाषेतून जाणार नाही. शहामृग वाळूत डोके खुपसत नाही हे सिद्ध होऊनही त्याचे डोके वाळूतच आहे. वाक्प्रचार टिकतो तो खरा आहे म्हणून टिकतो असे नाही, कोणाची तरी सोय करतो म्हणून टिकतो. तेव्हा अभ्यासकाने विचारायचे ते असे, की हा बेडूक कोणाची सोय करतो?

मला त्याचे उत्तर गोष्टीत नसलेल्या माणसांत सापडते. या गोष्टीत चूल कोणी पेटवली हे कोणी विचारत नाही. आणि शेजारी कोण बसले होते हेही विचारत नाही. खऱ्या प्रयोगात दोघेही हजर होते, किंबहुना ते एकच होते. गोल्ट्झ, हाइन्झमान, फ्राट्शर हे सगळे हातात तापमापक घेऊन बेडकाशेजारी बसलेले, दर मिनिटाचा आकडा लिहून घेणारे. पाणी किती तापले हे बेडकाला कळत नसेल, खोलीत मात्र ते ठाऊक होते. वाक्प्रचार तयार होताना चूल पेटवणारा आणि पाहणारा दोघेही पुसले गेले, उरला तो बेडूक आणि त्याचा मूर्खपणा. ज्याचे नुकसान होते त्याच्याच माथी बेसावधपणाचा दोष मारणारी ही रचना आहे. ती भाषणात टाळ्या घेते याचे मला नवल वाटत नाही.

आता आपल्या भाषेकडे या. मराठीत सावकाश बदलाला एक वाक्प्रचार नाही, चांगला मोठा गोतावळा आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही साठवणाऱ्याची म्हण. चंद्रासारखे कलेकलेने वाढणे ही कौतुकाने पाहणाऱ्याची नजर. ‘चंचुप्रवेश’ हा शब्द आपण संस्कृतातून घेतला आणि राजकारणात झिजवला. आधी चोच शिरते, मागून मुसळ. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही तर सरळ घुसखोरावर बोट ठेवते, आणि त्या बोटामागे गावगाड्यातला जातीचा अनुभव आहे हे विसरून ती नुसती विनोदी म्हणून वापरू नये. ‘अंगवळणी पडणे’ हा बेडकाच्या आतून सांगितलेला अनुभव. रेव्हरंड मॅनवारिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये निघाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४० च्या दशकात दोन खंडांत आला. हे दोन्ही या विषयाच्या विद्यार्थ्याने उशाशी ठेवावेत.

पण या गोतावळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘रोज मरे त्याला कोण रडे’. इथे मरणारा बेसावध नाही. आपण मरतो आहोत हे त्याला रोज कळते. आटले आहे ते भोवतालच्यांचे रडणे. म्हणीने दोषाची जागाच बदलली. सावकाश बिघाड दिसत नाही ही अर्धी गोष्ट. तो दिसतो, पण रोज दिसतो म्हणून त्याची बातमी होत नाही, त्याच्यासाठी कोणी हातातले काम टाकून धावत नाही. या विषयाचा अभ्यास इथून सुरू व्हावा असे माझे मत आहे. प्रश्न बेडकाच्या कातडीचा कमी आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा जास्त आहे.

डोळ्यांबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पहिली लाइपझिगची. एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये वजनांवर प्रयोग करून दाखवले की फरक जाणवतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात. हातात हलके असेल तर थोडीशी भर कळते, जड असेल तर तेवढीच भर कळत नाही. गुस्ताफ फेश्नर यांनी १८६० मध्ये त्यावर एक पूर्ण शास्त्र उभे केले. दुसरी गोष्ट मासेमारीची. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक छोटा लेख लिहिला. मासे किती कमी झाले हे मोजताना शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपण नोकरीला लागलो तेव्हाचा साठा ‘मूळ’ धरते. तोही आधीच घटलेला असतो. पुढची पिढी त्याहून घटलेला साठा मूळ धरते. असे होत होत समुद्र रिकामा होतो आणि कोणाच्याच हिशेबात फार मोठी घट दिसत नाही. याला त्यांनी सरकती आधाररेषा म्हटले. वेबरचा माणूस एका आयुष्यात चुकतो. पॉलीचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या चुकतो. त्यामुळे आपल्या विषयाला दुसरा अधिक लागतो.

भाषा हे या विषयाचे सगळ्यांत समृद्ध शेत. म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस विदर्भातल्याच रिद्धपुरात लिहिले गेले, आणि त्याची सिद्ध केलेली प्रत आपल्याला दिली ती नागपूरच्याच वि. भि. कोलते यांनी, १९७८ मध्ये. ते मराठीच आहे, आणि तरीही टिपांच्या आधाराशिवाय आज आपल्याला नीट वाचता येत नाही. मधल्या सात शतकांत एकदाही असे झालेले नाही की एखाद्या आजीला नातवाचे बोलणे कळले नाही. प्रत्येक आजीला प्रत्येक नातू कळत गेला आणि साखळीच्या दोन टोकांना बसलेले एकमेकांना परके झाले. धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढत गेल्यावर ती रास कुठल्या दाण्याला रास राहत नाही, हा कूटप्रश्न ग्रीक युबुलिडीझच्या नावावर आहे. भाषेत तो प्रत्यक्ष घडतो, आणि सीमारेषा कुठेच सापडत नाही.

आमच्या नागपुरी बोलण्यातला एकच प्रयोग घ्या. ‘काय करून राहिला?’ ‘जेवून राहिलो ना बे.’ पुण्याहून आलेल्या पाहुण्याला यात हमखास हसू येते. त्याच्या मराठीत ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवण आटोपून मुक्कामाला थांबलो. इथे त्याचा अर्थ ‘जेवतो आहे’ एवढाच. हे हिंदीतल्या ‘कर रहा है’वरून आले हे उघड आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी द्विभाषिक प्रांताची राजधानी होती; कचेरीत, बाजारात, शाळेच्या आवारात दोन्ही भाषा एका तोंडात नांदत होत्या. पण नुसते ‘हिंदीचा प्रभाव’ म्हणून मोकळे होणे हा आळस झाला. खरा प्रश्न आहे, शिरकाव कोणत्या फटीतून झाला? माझा अंदाज असा: मराठीत ‘तो झोपून राहिला’, ‘ती बसून राहिली’ हे प्रयोग आधीपासून आहेत. त्यांचा अर्थ ‘झोपलेल्या, बसलेल्या स्थितीतच राहिला’. आता ‘तो झोपून राहिला’ हे वाक्य हिंदी येणाऱ्याच्या कानावर पडले तर त्याला ‘झोपतो आहे’ असाही अर्थ लागू शकतो, आणि प्रसंग पाहता दोन्ही अर्थांनी काही बिघडत नाही. अशा बिनबोभाट वाक्यांत नवा अर्थ रुजतो. मग तो स्थिर क्रियापदांकडून हलत्या क्रियापदांकडे सरकतो, आणि ‘पळून राहिला’, ‘पाऊस येऊन राहिला’ अशी वाक्ये निघतात. जुन्या अर्थाने ती बोलताच येत नाहीत. तोवर मागे फिरायची वाट बंद झालेली असते. यातली कुठलीही पायरी बोलणाऱ्याला पायरी वाटली नाही.

धरमपेठेत, खरे टाऊनच्या जुन्या बंगल्यांतून, ‘करतो आहे’ म्हणणारी मराठी बराच काळ टिकून होती, आणि ‘करून राहिला’ला तिथे नाके मुरडली जात. आता त्याच घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये तो प्रयोग बिनदिक्कत ऐकू येतो. आणि गंमत पाहा. आम्हाला हसणाऱ्या पुण्या-मुंबईच्या दूरचित्रवाणी मालिकांत ‘मला मदत कर’ जाऊन ‘माझी मदत कर’ केव्हा आले, हे तिथल्या एकाही शुद्धिवाद्याने तारखेनिशी टिपून ठेवलेले नाही. सगळे चिडले ते नंतर, बदल पुरता झाल्यावर. चिडण्याने अभ्यासाला काही मिळत नाही. पहिल्यांदा कुठे, कोणाच्या तोंडून, कोणत्या वाक्यात ऐकले, एवढे लिहिले असते तर मिळाले असते.

रस्त्यावर उतरलो तरी तेच. शहरात सिमेंटचे रस्ते आले ते टप्प्याटप्प्याने, एकेक गल्ली करत. त्याआधी डांबराचे थरावर थर होतेच. जुन्या घरांच्या फाटकाशी उभे राहून पाहा: ज्या ओट्याला कधी काळी पायऱ्या चढून जावे लागे तो रस्त्याच्या पातळीला आला आहे, काही अंगणांत आता पायऱ्या उतरून जावे लागते. प्रत्येक थर काही इंचांचा. तक्रार कोणत्या इंचावर करायची? ज्या दिवशी पाणी घरात शिरते त्या दिवशी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तो पाऊस ही बातमी होती. नदीचे पात्र अरुंद होत गेले, काठाने आणि वरून बांधकाम होत गेले, ही बातमी नव्हती, कारण ते रोज होत होते. पुराला तारीख आहे, पात्र आकसण्याला नाही.

याची उलटी बाजूही शहराने पाहिली. मे २०२४ च्या अखेरीस उत्तर अंबाझरी मार्गालगतच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदले गेले आणि देशभर खळबळ उडाली. संवेदक बिघडला होता, हे नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले. एका खोट्या आकड्याने नागपूरच्या उन्हाळ्याकडे जेवढे लक्ष वेधले तेवढे कित्येक खऱ्या आकड्यांना वेधता आले नव्हते. नवतप्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांनी भागत नाही म्हणून घराघरात एसी बसले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली; तो बदल कोणत्याही मथळ्यात आला नाही.

शेतीत या विषयाची किंमत माणसे जिवाने मोजतात. कापसात बीटी वाण २००२ मध्ये आले, दोन जनुकांचे २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळी एका रात्रीत बीटीचे विष पचवायला शिकली नाही. हंगामागून हंगाम, ज्या थोड्या अळ्या वाचत गेल्या त्यांचीच प्रजा वाढत गेली. हे होणार हे ठाऊक होते. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे तिथे जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतात आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. दोन-चार एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीला का द्याव्यात? पाकिटे बांधावर पडून राहिली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे किडली तेव्हा ‘अचानक’ हा शब्द फार वापरला गेला. नागपुरातच १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी याची चिन्हे आधीच मोजलेली होती. बेडकाची गोष्ट इथे लावून पाहा. पाण्यात कोण होते, तापमापक कोणाच्या हातात होता आणि पाकिटावरचा नियम कोणी लिहिला, या तिघांना वेगळे केल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही.

शेतकरी आत्महत्यांबद्दल मी थोडेच लिहितो. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली, देशाचे कॅमेरे आले. कॅमेरे गेल्यावर मरण थांबले नव्हते, ते आतल्या पानावर गेले होते. पी. साईनाथ यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात पत्रकारितेवर हाच आक्षेप घेतला होता, की ती दारिद्र्याकडे घटना म्हणून पाहते, प्रक्रिया म्हणून पाहत नाही. ‘रोज मरे’ ही म्हण विदर्भात अलंकार म्हणून वापरायची राहिलेली नाही.

साहित्यात सावकाश पडझड पाहायची असेल तर आमच्या धरमपेठेच्या महाविद्यालयात एकेकाळी इंग्रजी शिकवणाऱ्या महेश एलकुंचवारांकडे जा. १९८५ च्या ‘वाडा चिरेबंदी’त कोणतीही एक आपत्ती कोसळत नाही. अंगणात कर्जाने आणलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे, आणि देशपांड्यांच्या घरातल्या प्रत्येकाला काय चालले आहे ते कळते. एकही बेडूक नाही त्यात. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढच्या दोन नाटकांसह ते सलग वाचावे. सावकाशपणा कळायला लांबी लागते.

इथवर सगळी उदाहरणे बिघाडाची झाली. हा या विषयाचा जुना दोष आहे, आणि नव्या माणसाने तो उचलू नये. सावकाश बदल म्हणजे ऱ्हास असे धरले की अभ्यासाची स्मरणरंजनाशी सोयरीक होते, आणि मग जुन्या धरमपेठेत बंगल्यांपुढे बाग होती एवढेच आठवते, त्या बागेचा माळी कुठे राहत होता ते आठवत नाही.

याहून गंभीर सावधगिरी दुसरी आहे. ‘हळूहळू होईल’ हा सल्ला कोण कोणाला देतो ते पाहावे. दीक्षाभूमी धरमपेठेपासून फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जे केले ते ‘हळूहळू’ला दिलेले उत्तर होते. हिंदू समाज कलेकलेने सुधारेल, धीर धरा, असे त्यांना सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सांगणाऱ्यांना घाई नव्हती, कारण त्यांना विहिरीवर कोणी अडवत नव्हते. पण त्याच दिवसाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर आणखी काही दिसते. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मधली २१ वर्षे वाचनाची, तुलनेची, संघटनेची, माणसे तयार करण्याची होती. एका दिवसात घडलेले एवढे सावकाश शिजलेले असू शकते, आणि सावकाशपणाचा उपदेश नाकारणाऱ्यानेच ते शिजवलेले असू शकते. क्रमिक बदल आणि एकदम बदल असे दोन कप्पे करून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यांना मी हा एक दिवस समजावून सांगायला लावतो.

तर मग या विषयात काम म्हणजे नेमके काय करायचे? मुख्यतः नोंद, आणि तीही कंटाळवाणी. महाराष्ट्रातले माझे आवडते उदाहरण अलिबागचे आहे. पृथ्वीचे चुंबकत्व अतिशय संथपणे बदलत असते. एका माणसाच्या नोकरीत फार काही दिसणार नाही इतके संथ. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बहकणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका बिनचूक जोडता यावी. ती मालिका आजही चालू आहे. सरकत्या आधाररेषेवर उपाय विचाराल तर तो या दोन वर्षांत आहे: नवे सुरू करताना जुने थोडे पुढे चालवायचे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. बोलीचे सर्वेक्षण असो, झाडांची मोजणी असो की घरखर्चाची वही, मोजण्याची पद्धत बदलताना एवढी काळजी घेणारे फार थोडे भेटतात.

हा विषय कोणत्याही एका विभागाचा नाही, त्यामुळे इथे यायला कोणती पदवी लागत नाही. भाषेवाल्यांनी थोडे जीवशास्त्र वाचावे, अभियंत्यांनी एखादे नाटक. सिद्धान्ताची घाई करू नये. या विषयात सिद्धान्त पुष्कळ आहेत, नोंदी कमी. बेडकाला रजा द्यावी असे मी म्हणणार नाही, बोलताना तो सोयीचा पडतो. फक्त तो वापरलात की त्याच वाक्यात चूल कोणाची आणि पाहत कोण होते हेही लिहा.

आणि एक विनंती. घरात जुनी रोजनिशी असेल, विहिरीच्या पाण्याची पातळी कोणी खडूने भिंतीवर लिहीत असेल, आजोबांनी पेरणीच्या तारखा पंचांगाच्या समासात टिपल्या असतील, तर ते रद्दीत जाण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवा. आजच्या आज सुरू करता येईल असे काही हवे असेल तर आपल्या फाटकापासून रस्त्यापर्यंतची उंची पट्टीने मोजा, किंवा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला एकच गोष्ट सांगायला लावून दोन्ही जशीच्या तशी उतरवून घ्या. खाली तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका. नाव नसले तरी चालेल.